खालून कापलेली दारं

सेमारांगच्या बंदरामागे, आमच्या गल्लीत,
मी हल्ली दारं करत नाही. दारं कापतो.
वरून नाही, खालून.

भरती घरात शिरली की लोक जमिनीवर भर टाकतात,
खडी, विटांचे तुकडे, फुटक्या कौलांचा चुरा,
वरून सिमेंटचा एक हात.
मग दार अडतं.
मग कुणाचं तरी पोर धावत येतं:
कासमुरीकाका, करवत घेऊन चला.

बिजागऱ्या सोडवायच्या, दार आडवं घालायचं,
चार बोटं कापायची. कधी वीतभर.
जुना साग. बाहेरून चाटला तर खारट,
करवत आत गेली की अजून रानाचा वास.
चौकट मात्र राहते तिथेच.
चौकट कोण उचलणार?

मासेवाल्या मुर्तिनीचं दार मी चारदा कापलं.
तिच्या नवऱ्याचा जनाजा निघाला
तेव्हा खांदेकरी गुडघ्यांत मोडून बाहेर पडले.
कुणीतरी पुटपुटलं, गेलेला सोडून सगळे वाकले.
तेव्हा कुणी हसलं नाही.
संध्याकाळी चहाच्या वेळी हसले.

कापलेले तुकडे मी टाकत नाही.
जळणाला मागतात, देत नाही.
पाठीवर पेन्सिलीने घर, महिना, साल,
आणि मागच्या भिंतीशी एकावर एक.
बायको म्हणायची, सापाने कात जपावी तसं काय जपता?

पालिकेच्या वुर्यानीबाई आल्या तिपाईवरचं यंत्र घेऊन.
म्हणाल्या, समुद्र चढतोय, पण थोडका;
जमीनच बसत चाललीय जास्त,
खोल विहिरी खालचं पाणी ओढतात, कारखान्यांच्या.
म्हटलं, म्हणजे दोघं मिळून.
हो, म्हणाल्या, दोघं मिळून.
मग त्यांची नजर भिंतीकडे गेली.

दुपारभर त्या भुशात मांडी घालून बसल्या,
पट्टीने एकेक तुकडा मोजत.
यंत्र बाहेर उन्हात एकटं उभं.
आमच्या दप्तरात सात वर्षांची नोंदच नाही, म्हणाल्या.
मी म्हटलं, न्या. पण परत आणा.

सभागृहात लांब टेबल, त्यावर शहराचा नकाशा,
नकाशावर लाल रेघ: इथे भिंत होणार.
आमची गल्ली रेघेच्या पलीकडे,
बारीक अक्षरांत लिहिलेलं: स्वीकारलेली जोखीम.
कुणी स्वीकारली? परतोनोने विचारलं.
तो जाळी विणतो, हळू बोलतो.
साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, पुन्हा ठेवला.
वुर्यानीबाईंनी पोतं उलटं केलं.
सालवार लावले तुकडे, नकाशाच्या काठाने,
मुर्तिनीचं घर, मशिदीची मागची खोली, बालवाडी.
साग साहेबांच्या फायलींपेक्षा उंच झाला.

रेघ हलली नाही.
बर्फाच्या कारखान्याच्या दोन विहिरींना टाळं लागलं,
आणि पंपघराला रात्रीचा माणूस मिळाला.
भिंतीचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.
तुकडे परत आले. एक कमी होता, बालवाडीचा.
कुणाच्या टेबलावर कागद दाबत बसला असेल तर बसू दे.

नात, सेकार, दर वाढदिवसाला चौकटीला पाठ लावते.
मी डोक्यावर पट्टी टेकवून रेघ मारतो.
तिच्या पहिल्या पावलाची रेघ केव्हाच फरशीखाली गेली.
काल नवी रेघ जुनीपासून बारा बोटं वर आली.
बारा! ती उड्या मारत शेजारी सांगायला गेली.
त्यातली चार तिची. आठ फरशीची.
सांगायला हवं होतं.
करवतीला धार लावत बसलो.